वाऱ्यावरून येणारा तांबेरा

जबलपूर पाहावयास आलेल्या पाहुण्याला भेडाघाटचे संगमरवरी कडे दाखविल्यावाचून तेथील माणसे सोडीत नाहीत. मदनमहालच्या वाट्याला तेवढा मान येत नाही. इटारसीकडून येणाऱ्या गाड्या जबलपूरच्या अगदी आधी या नावाच्या स्थानकावर थांबतात. परंतु त्या वेळी डब्यात सामानाची आवराआवर चाललेली असते आणि खिडकीबाहेर डोकावण्यास कोणालाच सवड नसते. स्थानकापासून थोड्या अंतरावर ग्रॅनाइटच्या करड्या खडकांची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर एका प्रचंड शिळेच्या आधाराने उभारलेली लहानशी गढी आहे. गोंड राजा मदनशहा याच्या नावाने ती ओळखली जाते आणि राणी दुर्गावतीच्या आठवणीही लोकांनी तिच्याशी जोडलेल्या आहेत. टेकडीच्या वाटेवर एका खडकावर दुसरा अजस्र खडक असा काही टेकलेला आहे, की आता गडगडेल की मग, असे वाटावे. २२ मे १९९७ च्या भूकंपात जबलपुरातील कित्येक घरे पडली. ही शिळा मात्र जागची हलली नाही.

माझ्या मावशीचे बिऱ्हाड या टेकडीच्या पायथ्याशी आहे. तिचे यजमान, ज्यांना आम्ही सर्व भाचरे नाना म्हणतो, शाळामास्तरकीतून निवृत्त झाले असून पाटण तालुक्यातील वडिलोपार्जित थोडी गव्हाची शेती अजून स्वतः पाहतात. एका जानेवारीत मी तेथे गेले असता दोन दिवस मावठ्याची रिपरिप झाली. तिसऱ्या दिवशी उघडीप पडताच नाना मला टेकडीवर घेऊन गेले.

पावसाने धुतलेले खडक पाहण्यासारखे होते. एरवी ज्यांचा रंग नुसता राखेसारखा वाटतो, त्या शिळांवर हिरवट, पिवळट, काळसर असे अनेक रंगांचे चट्टे उमटलेले होते. आपल्या गोडा मसाल्यात पडणारे दगडफूल ज्या जातीचे, त्याच कुळातील हे जीव. गढीच्या भिंतींच्या सांध्यांत मऊ हिरवे शेवाळ धरले होते आणि एका सावलीच्या कपारीत नेच्याची दोन नाजूक पाने डोलत होती. भिंतीतून फुटलेला पिंपळ पक्ष्यांनी आणून लावला हे सर्वांना ठाऊक असते. पण नेच्याला ना फळ, ना फूल, ना बी. शेवाळाचे व दगडफुलाचे तेच. मग त्यांना येथे कोणी पेरले?

उत्तर अर्थातच वारा हे आहे. नेच्याच्या पानाच्या पाठीवर जे तपकिरी ठिपके दिसतात, त्यांतून अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. शास्त्रीय मराठीत त्यांना बीजाणू म्हणतात. अनुवादाचे काम करणाऱ्या माणसाला हा शब्द थोडा खटकतो, कारण बीजाणू हे खऱ्या अर्थाने बी नव्हे. बीमध्ये गर्भ असतो, बाळाची शिदोरी असते. बीजाणू हा बहुधा एकच पेशी आणि तिच्याभोवतीचे कवच, एवढाच ऐवज. परंतु त्याचे हलकेपण हेच त्याचे बळ होय. शेवाळ, नेचे, दगडफूल आणि सर्व प्रकारच्या बुरशा यांचा संसार या कणांवर चालतो. आपण श्वास घेतो त्या हवेत ते सदैव असतात. त्यांच्या सोबतीला फुलांचे पराग, जिवाणू, कीटकांच्या पंखांचे खवले असा मोठा गोतावळा असतो. या साऱ्यांचा अभ्यास करणारी जी विज्ञानशाखा गेल्या शतकात उदयाला आली, तिला वायुजीवशास्त्र म्हणतात.

हे सर्व मी नानांना मोठ्या उत्साहाने सांगत होते. ते ऐकत होते, पण त्यांची दृष्टी खडकांकडे नव्हती. टेकडीवरून दूरवर जी सपाटी दिसते तिच्याकडे, आणि तिच्यावर पुन्हा दाटू लागलेल्या ढगांकडे ते पाहत होते. "तुझे नेचे राहू दे," ते म्हणाले. "आता चार दिवस असेच ढग राहिले आणि पुरवाई सुटली, तर गेरुआ आलाच म्हणून समज. तो कोण पेरतो, ते सांग."

पुरवाई म्हणजे पूर्वेचा वारा, आणि गेरुआ म्हणजे आपण मराठीत ज्याला तांबेरा म्हणतो तो गव्हाचा रोग. हिंदीला त्याचा रंग गेरूसारखा दिसला, मराठीला तांब्यासारखा, इंग्रजीने त्याला लोखंडाच्या गंजाचे नाव दिले. ज्याने हा रोग पाहिला आहे त्याला तिन्ही नावे पटतील. गव्हाच्या पानांवर व काडीवर बारीक पुळ्या उठतात, त्या फुटतात आणि त्यांतून विटकरी रंगाची पूड उडू लागते. अशा शेतातून चालत गेले तर धोतराचा वा साडीचा काठ रंगून निघतो. त्या पुडीचा प्रत्येक कण म्हणजे एका बुरशीचा बीजाणू असतो. बुरशी काडीतील रस शोषून घेते, काडीची साल जागोजाग फाटते, दाणा भरत नाही. आणि खळ्यावर गव्हाऐवजी सुरकुतलेली फोलपटे हाती येतात. तांबेरा तीन प्रकारचा असतो. काळा काडीवर अधिक येतो आणि सर्वांत घातक असतो. तपकिरी पानांवर येतो. पिवळा थंड प्रदेशात, विशेषतः उत्तरेकडे, जोर धरतो.

नानांच्या प्रश्नामागे केवळ त्यांच्या चार एकरांची काळजी नव्हती. जबलपूर आणि नरसिंहपूर या भागातील काळ्या, भारी जमिनीच्या पट्ट्याला हवेली म्हणतात. तेथे शेतांना बांध घालून पावसाळाभर पाणी तुंबवून ठेवावयाचे, पावसाळा सरताच ते सोडून द्यावयाचे आणि त्या ओलीवर गहू पेरावयाचा, अशी जुनी वहिवाट आहे. गहू चांगला पिकला तर या मुलखासारखा सुखी मुलूख नाही. पण सारी भिस्त एका पिकावर असल्यामुळे ते पीक गेले की सर्वच जाते, आणि तांबेऱ्याने ते पुनःपुन्हा नेलेले आहे.

ठगांच्या बंदोबस्तामुळे ज्याचे नाव सर्वांना माहीत आहे तो विल्यम हेन्री स्लीमन अनेक वर्षे याच प्रदेशात अधिकारी होता. १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्याने तांबेऱ्यावर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले आहे. नर्मदेच्या खोऱ्यात वीस मैल लांब आणि दहा मैल रुंद असा गव्हाचा अखंड पट्टा या रोगाने असा उद्ध्वस्त झालेला त्याने पाहिला, की चार शेतांपैकी एकाचीही कापणी करण्याचा खर्च लोकांना परवडेना. काड गुरांना घालणेही धोक्याचे वाटू लागले. मार्च १८३२ मध्ये सागर जिल्ह्यात त्याने हा रोग शेवटचा पाहिला. त्या वेळच्या रोगट गव्हाच्या पेंढ्या त्याने जिज्ञासूंना दाखविण्यासाठी १८३५ च्या प्रारंभापर्यंत आपल्या घरात टांगून ठेवल्या होत्या. एका सरकारी अधिकाऱ्याच्या दिवाणखान्यात रोगट गव्हाच्या पेंढ्या लटकत आहेत, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

परंतु स्लीमनच्या लेखनातील सर्वांत महत्त्वाचा भाग मला वेगळाच वाटतो. हे संकट कशामुळे आले, याविषयी लोक काय म्हणत होते, तेही त्याने नोंदवून ठेवले आहे. १८३१ मध्ये त्याने सागरचा कारभार हाती घेतला तेव्हा तेथील शेतकरी व जमीनदार असे मानीत होते, की मुलखात गोमांसभक्षण आणि व्यभिचार वाढल्यामुळे देवाचा कोप झाला आहे. काहीजण शेजारच्या जवसाच्या शेताकडे बोट दाखवीत. जवसावर रोग प्रथम दिसतो आणि तेथून तो गव्हावर जातो, असा त्यांचा समज होता. यांतील जवसाची शंका निदान निरीक्षणातून आलेली होती. जवसावरही तांबेरा पडतो, पण ती बुरशी वेगळी. ती गव्हाला लागत नाही. दोघींना मानवणारे हवामान मात्र एकच, आणि म्हणून त्या बरोबरीने दिसतात. ज्याच्या डोळ्यांदेखत वर्षाची भाकरी लाल पूड होऊन उडून गेली, त्याने दोष कोणावर तरी ठेवावा हे स्वाभाविकच आहे. पण त्या दोषारोपात शेजारी, परधर्मी, घरची सून, असा कोणीही सापडू शकतो, आणि अशा वर्षी कोणाकोणाची काय अवस्था झाली असेल याची नोंद कोठेही राहत नाही.

पुढेही हे चुकले नाही. १८९३ पासून ओळीने दोन-तीन हंगाम हिवाळी पाऊस आणि तांबेरा यांनी जबलपूर जिल्ह्याचा गहू खाल्ला. घरातील साठा संपलेला असतानाच १८९६ मध्ये पावसाने दगा दिला आणि १८९६-९७ चा दुष्काळ पडला. १८९१ ते १९०१ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. नंतरची मोठी साथ १९४६-४७ ची. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभा होता, धान्याचे शिधावाटप चालू होते आणि बंगालच्या दुष्काळाला अवघी तीन-चार वर्षे झाली होती. अशा वेळी मध्य भारतात आणि लगतच्या प्रदेशांत काळ्या व तपकिरी तांबेऱ्याने सुमारे वीस लाख टन गव्हाचा नाश केला. नाना तेव्हा जन्मले नव्हते. त्यांच्या वडिलांनी मात्र त्या वर्षी खळे केलेच नव्हते, असे ते सांगतात.

तर मग तो कोण पेरतो?

येथे एक अडचण आहे, आणि तिनेच शास्त्रज्ञांना बरीच वर्षे कोड्यात टाकले होते. हा तांबेरा जिवंत हिरव्या झाडावरच वाढतो. कापणी झाली, काड वाळले, की त्याला आसरा उरत नाही. मध्य भारतातील मे महिन्याच्या उन्हात शेतात पडलेले त्याचे बीजाणू मरून जातात. म्हणजे दर उन्हाळ्यात या मैदानातून तांबेरा समूळ नाहीसा होतो असे म्हणावयास हरकत नाही. तरीही दर हिवाळ्यात तो परत येतो. युरोप-अमेरिकेत काळ्या तांबेऱ्याचे बीज दारुहळदीच्या जातीतील एका झुडपावर वाढते, हे एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झाले होते. पण हवेलीच्या सपाटीवर तसले झुडूप कोठून येणार?

हवेत काय तरंगते, हे पाहण्याचे प्रयत्न त्या आधीच सुरू झाले होते. १८६० मध्ये लुई पाश्चर याने निर्जंतुक केलेल्या द्रवाच्या बंद कुप्या वेगवेगळ्या उंचीवर नेऊन क्षणभर उघडल्या. जुरा पर्वताच्या पायथ्याशी उघडलेल्या वीस कुप्यांपैकी आठ नासल्या. आल्प्समधील हिमनदीजवळ उघडलेल्या विसांपैकी एकच नासली. हवेतील जीव सर्वत्र सारखे नसतात, हे यावरून कळले. आपल्याकडे कलकत्त्यात डेव्हिड डग्लस कनिंगहॅम या डॉक्टराने तुरुंगांच्या आवारातील हवा चिकट काचेवर पकडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि १८७३ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. पटकीसारखे रोग हवेतून पसरतात की काय, हे त्याला पाहावयाचे होते. बीजाणू आणि पराग त्याला विपुल सापडले. रोगराईशी त्यांचा संबंध मात्र जुळला नाही. त्याने तो जुळविण्याचा आटापिटाही केला नाही. विज्ञानात असा प्रामाणिक नकार फार मोलाचा असतो.

तांबेऱ्याचे कोडे सोडविण्याचे श्रेय आग्रा कॉलेजातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक करमचंद मेहता यांच्याकडे जाते. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी हे काम हाती घेतले आणि १९५० मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सोडले नाही. त्यांची पद्धत ऐकण्यास अगदी साधी वाटते. काचेच्या पट्टीवर चिकट लेप द्यावयाचा, ती वाऱ्यात ठेवावयाची आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावरील कण मोजावयाचे. अशा पट्ट्या ठिकठिकाणी ठेवावयाच्या, आणि कोणत्या भागात तांबेरा प्रथम कधी दिसला याची तारीखवार नोंद करावयाची. हे काम एक हंगाम करण्यात काही विशेष नाही. वर्षानुवर्षे करण्यात सारे आहे. मेहतांना असे दिसून आले, की मैदानात उन्हाळाभर तांबेरा जिवंत राहत नाही, पण डोंगरांत राहतो. उत्तरेस हिमालयात आणि दक्षिणेस निलगिरी व पळणीच्या डोंगरांत हवा बाराही महिने थंड असते, तेथे एक ना एक गव्हाचे पीक किंवा सांडलेल्या दाण्यांची आपोआप उगवलेली रोपे उभी असतात, आणि त्यांवर बुरशी उन्हाळा काढते. हिवाळ्यात तेथूनच ती वाऱ्यावर स्वार होऊन खाली मैदानात उतरते. दारुहळदीच्या झुडपाचा आपल्या देशात या प्रसाराशी काही संबंध नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. शिमल्याच्या फ्लॉवरडेल येथील तांबेऱ्याचे संशोधन केंद्र हे त्यांच्याच कामाचे फळ होय.

उटकमंड ते जबलपूर हे अंतर सरळ रेषेत तेराशे किलोमीटरांहून अधिक आहे. एवढा प्रवास एक कण कसा करतो? तांबेऱ्याचा बीजाणू मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या भागाएवढा असतो. स्थिर हवेत तो सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर या गतीने खाली येतो. म्हणजे दहा मीटर उंचीच्या गच्चीवरून सोडला, तर जमिनीवर टेकावयास त्याला पाव तासाहून अधिक वेळ लागेल. आणि हवा स्थिर कधीच नसते. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारा झोत याच्या कितीतरी पट वेगवान असतो. तो या कणाला शेकडो मीटर उंच उचलतो, आणि मग वरचा वारा नेईल तिकडे त्याला जावे लागते. अमेरिकेत १९२१ मध्ये स्टॅकमन या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी विमानातून चिकट काचा बाहेर धरल्या, तेव्हा दहा हजार फुटांच्याही वर तांबेऱ्याचे बीजाणू सापडले होते. या प्रवासात बहुतेक कण मरतात. प्रखर सूर्यप्रकाश त्यांचा मोठा शत्रू. ढगाळ हवा त्यांना वाचविते, आणि पाऊस त्यांना नेमका खाली आणून सोडतो.

हा शेवटचा दुवा स्वातंत्र्योत्तर पिढीतील शास्त्रज्ञांनी जोडला. एस. नागराजन आणि त्यांचे सहकारी यांनी हवामानखात्याचे नकाशे, उपग्रहांची छायाचित्रे आणि पावसाच्या पाण्याचे नमुने ही सर्व एकत्र मांडून पाहिली. नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात चक्री वादळे उठतात. त्यांपैकी एखादे वादळ विशिष्ट मार्गाने आले, की त्याभोवतीचा वारा निलगिरीच्या अंगावरून उत्तरेकडे वाहतो आणि त्याच वादळाचा पाऊस मध्य भारतावर पडतो. त्या पावसाच्या थेंबांतून बीजाणू नुकत्याच उगवलेल्या गव्हावर उतरतात. कोणत्या परिस्थितीत असे घडते याचे नियमच नागराजन आणि सिंग यांनी १९७५ मध्ये मांडले. प्रत्येक वादळ तांबेरा आणीत नाही. डोंगरात त्या वेळी रोग हवा, वाऱ्याची दिशा जुळावी, आणि पाऊस योग्य जागी पडावा. हे सर्व एकाच वर्षी जुळून येणे क्वचित घडते. म्हणूनच साथी दर वर्षी येत नाहीत.

नानांची पुरवाई या हिशेबात कोठे बसते? मला वाटते, त्यांचे निरीक्षण खोटे नाही, केवळ उशिराचे आहे. बीज नोव्हेंबरातच येऊन पडलेले असते. पानावर काही तास दव किंवा पाणी टिकले, की बीजाणू रुजतो. दहा-पंधरा दिवसांत, थंडी असेल तर आणखी थोड्या काळाने, त्याची पुळी फुटते आणि एका कणाचे हजारो कण होतात. अशा दोन-तीन पिढ्या डोळ्यांना न दिसताच निघून जातात. जानेवारी-फेब्रुवारीत ढग येतात, मावठा पडतो, पूर्वेची दमट हवा शेतावर रेंगाळते, आणि मग एका आठवड्यात शेत लाल होते. शेतकऱ्याला वाटते, हा वारा रोग घेऊन आला. वास्तविक या वाऱ्याने तो फक्त दाखविला.

रोग कोठून येतो हे कळल्यामुळे उपायही बदलला. निलगिरीतील वेलिंग्टन येथे गव्हाच्या संशोधनाचे केंद्र आहे. तेथे देशभरातील गव्हाचे वाण रोगाच्या माहेरीच लावून पारखले जातात, आणि डोंगरातील शेतकऱ्यांनीही रोगाला दाद न देणारेच वाण पेरावेत असा प्रयत्न केला जातो, कारण तेथे बुरशीला थारा मिळाला नाही तर वादळाला वाहून नेण्यास काही उरत नाही. मध्य भारतासाठी पवारखेडा येथे १९०३ पासून गव्हाचे संशोधन होत आले आहे. जबलपूरचे कृषिविद्यापीठ १९६४ मध्ये स्थापन झाले. रोगप्रतिकारक वाणांचा प्रसार झाल्यापासून १९४६-४७ सारखी काळ्या तांबेऱ्याची साथ मध्य भारताने पुन्हा पाहिलेली नाही. तरी बुरशीही रूप बदलते. १९९८ मध्ये युगांडात काळ्या तांबेऱ्याचा एक नवा वंश सापडला. जगभरातील बहुतेक वाणांची ढाल त्याने भेदली. पुढे तो केनिया, इथियोपिया, सुदान असे करीत २००६ मध्ये येमेनला आणि २००७ मध्ये इराणला पोहोचला. भारतीय वाण केनियातील प्रयोगशेतात पाठवून या नव्या शत्रूपुढे उभे करण्यात आले, आणि त्यांतून टिकणारे निवडले गेले. शत्रू दारात येण्याआधीच त्याच्या घरी जाऊन त्याची ओळख करून घेणे, ही मेहतांचीच रीत.

हवेतील सर्वच प्रवासी पिकांवर उठलेले नसतात. मराठी वाचकांना ठाऊक असावे असे एक नाव येथे घेतले पाहिजे. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेतील बीजाणूंच्या अभ्यासाची एक परंपराच निर्माण केली. त्यांनी १९७० च्या सुमारास तयार केलेले हवा ओढून घेणारे यंत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यातील फिरत्या नळकांड्यावरील चिकट पट्टीवर दिवसामागून दिवस कण जमत राहतात, आणि कोणत्या वारी, कोणत्या प्रहरी हवेत काय होते, हे त्या पट्टीवर वाचता येते. पिकांवरील रोगांची सूचना आधी मिळावी हा त्यामागील एक हेतू होता. दम्याच्या व सर्दीच्या रोग्यांनाही अशा नोंदींचा उपयोग होतो.

जबलपूर आणि महाराष्ट्र यांना जोडणारा आणखी एक धागा आहे. तो फारसा सुखाचा नाही. १९५० नंतरच्या दशकात पुण्याजवळ प्रथम लक्षात आलेले गाजरगवत आज देशभर पसरले आहे. पांढऱ्या फुलांचे हे तण मदनमहालच्या उतारावरही मी पाहिले. त्याचे पराग आणि वाळलेल्या पानांवरील सूक्ष्म केस हवेतून अंगावर पडले, की कित्येकांच्या चेहऱ्यावर, मानेवर खाज सुटते व कातडी जाड होते. पुण्याकडील अशा रोग्यांविषयी १९७० नंतरच्या वर्षांत वैद्यकीय नियतकालिकांतून लिहिले गेले. तणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था जबलपूरलाच आहे. गाजरगवताची पाने खाणारा मेक्सिकोतील एक भुंगेरा पाळून तो शेतकऱ्यांना देण्याचे काम ती करते. मावशीला शेतातून आल्यावर हातांना खाज सुटते. ते पाण्यामुळे होते, असे ती आजवर समजत होती.

टेकडीवरून उतरल्यावर नानांनी माझी परीक्षाच घ्यावयाचे ठरविले. "एवढे सगळे हवेत आहे म्हणतेस, तर आमच्या गच्चीवर काय आहे ते दाखव." घरात काचेची पट्टी नव्हती. शेजारी वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या एक बाई राहतात. त्यांनी दोन पट्ट्या दिल्या. त्यांवर बोटाने व्हॅसलीनचा अगदी पातळ लेप दिला, आणि कपडे वाळत घालावयाच्या दोरीला चिमट्याने अडकवून दिवसभर त्या वाऱ्यात ठेवल्या. ज्यांच्या मुलांच्या शाळेत सूक्ष्मदर्शक असेल, त्यांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. त्याला काही खर्च नाही. फक्त लेप जाड होऊ देऊ नये, नाहीतर त्यातील बुडबुडेच बीजाणूंसारखे दिसतात. आमची एक पट्टी त्यामुळेच वाया गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंच्या घरी आम्ही सर्वजण एकेक डोळा मिटून पाळीपाळीने पाहू लागलो. काजळीचे पुष्कळ कण होते. गवताचे गोल, गुळगुळीत पराग होते. गदेच्या आकाराचे, आडव्याउभ्या रेषांनी विभागलेले काही तपकिरी बीजाणू होते. ती आल्टरनेरिया नावाची, सर्वत्र आढळणारी बुरशी, असे बाईंनी सांगितले. एका कोपऱ्यात कसल्याशा पतंगाच्या पंखाचा एक खवला मोरपिसासारखा पडलेला होता, आणि मावशीला तेवढाच आवडला. गव्हाच्या तांबेऱ्याचा एकही कण त्या पट्टीवर नव्हता.

नाना सर्वांच्या शेवटी पाहावयास बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मग चष्मा लावीत म्हणाले, "म्हणजे ही काच नोव्हेंबरातच टांगायला हवी होती."

मी होय म्हणाले. निघताना त्यांनी बाईंकडून सहा पट्ट्या मागून घेतल्या आणि देवघराच्या कपाटात पंचांगाशेजारी ठेवून दिल्या.